मयत सभासदांची डिस्क

सोमवार, ३ ऑक्टोबर १९८८

कॉम्प्युटर आज दुपारी बंद पडला, आणि त्या वेळी माझे हात कळांवर होते. शुक्रवारी पडला तेव्हाही माझेच होते. शुक्रवारी कोणी काही बोललं नाही. आज भाऊसो माझ्याकडं नुसते बघत राहिले.

हे लिहायला बसले, कारण दुसरं सांगायला कोणी नाही. हे होते तेव्हा जेवताना दिवसाचं सगळं त्यांना सांगून व्हायचं. फेब्रुवारीपासून सगळं आतच साठत चाललंय. सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, सांगितलं तर त्या उद्या उचगावातनं बस धरून कचेरीत भांडायलाच येतील.

हे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं, पण काट्यावर नाही, शहरातल्या कचेरीत, कारण ह्यांनीच मागं लागून मला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. नेमणूक तात्पुरती आहे. डिसेंबरात ठरवणार, ठेवायचं का नाही.

काचेच्या खोलीत कॉम्प्युटरचं खोकं आहे. आत जाताना चपला काढायच्या. टर्मिनलं दोन. एकावर मीनाबाई येत्या हंगामाच्या उसाच्या नोंदी घालतात, दुसऱ्यावर मी. आमच्यावर हेडक्लार्क भाऊसो. जुनी डिस्क भरली म्हणून गेल्या महिन्यात पुण्याच्या कंपनीनं दुसरी बसवली. मोठ्या साहेबांनी ठरवलं, जिवंत सभासद जुन्या डिस्कवर राहू देत, मयत झालेल्यांची नावं नवीवर हलवा आणि वारस लावा. त्यावर मीनाबाई म्हणाल्या, "मेलेल्यांची नावं मी न्हाय लिहिणार. माझं कुंकू शाबूत हाय." मग भाऊसोंनी ते गठ्ठे माझ्या टेबलावर आणून ठेवले. म्हणाले, "तुम्हाला काय आता."

खरंच, मला काय आता.

गठ्ठ्यात ह्यांचाही कागद आहे. वाटणीच्या वीस गुंठ्यांत ऊस होता, त्यामुळं हे सभासद होते. तो कागद मी सगळ्यात खाली सरकवला.

बुधवार, ५ ऑक्टोबर

आज पुन्हा. पडतो म्हणजे काय होतं ते लिहून ठेवते.

पडद्यावरची अक्षरं जिथल्या तिथं थांबतात. कळ दाबली तरी काही उमटत नाही. मग कोपऱ्यातलं छपाईचं यंत्र आपणहून एकदा खर्रर करतं, कागदावर एक-दोन ओळी उठतात आणि सगळं गप्प होतं. मीनाबाईंचं टर्मिनलही थांबतं. त्यांचं अर्धं लिहिलेलं वाया जातं. भाऊसो खोकं बंद करून पुन्हा चालू करतात. मग ते स्वतःला तपासत बसतं, पार चहाची वेळ होईपर्यंत. तेवढा वेळ कोणालाच काही काम नसतं आणि बघायला मीच असते.

छापलेला कागद भाऊसोंनी टोपलीत टाकला. मी तो उचलून घरी आणला. ह्यांनी जुन्या बाजारातनं घेतलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, पुठ्ठा गेलेला. मी सातवी पास. इंग्रजी मी ह्याच पुस्तकात बोट ठेवून शिकले. ओळीतला पहिला शब्द होता पॅनिक. अर्थ दिलाय, घबराट, एकाएकी बसलेली दहशत.

लोखंडाच्या खोक्याला घबराट कशाची बसत असेल?

मला मात्र बसली आहे. कळेवर बोट ठेवण्याआधी मी खोक्याची घरघर ऐकून घेते. झोपलेल्या माणसाचा श्वास बघावा तशी.

शनिवार, ८ ऑक्टोबर

या दोन दिवसांत आणखी दोनदा पडला. आता लपवून बोलत नाहीत. मी गठ्ठा घेऊन निघाले की मीनाबाई म्हणतात, "निघाल्या मसणवाटंत." नव्या डिस्कला कचेरीत आता तेच नाव पडलंय. मीनाबाईंच्या पोटात तसं काही नसतं. डब्यातला झुणका मला अजून देतात. पण देताना आता डबा टेबलावर ठेवतात. पूर्वी हातात द्यायच्या.

भाऊसो दुपारी शिपायाला सांगत होते, "हिशोब सरळ हाय. आधी कवा पडला न्हवता. बाई मयताच्या नोंदीला बसायला लागल्या आणि पडायला लागला." मी दारातच होते. मला बघूनही थांबले नाहीत.

हे सगळं मी विधवा म्हणून बोलतात की आणखी कशामुळं, ते मी विचारत नाही. विचारलं तर उत्तर मिळेल.

शेवटी घरी आक्कांना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "यंत्राला विधवा कळती व्हय गं? त्याला काय डोळं हायत का नाक?" मग म्हणाल्या, "छप्पन साली दीक्षा घेतली तवा अपशकुन, मुहूर्त, सगळं पंचगंगेत सोडून दिलंय आम्ही. तू काढून आणू नकोस."

मी मान हलवली. मीही मानत नाही. पण एक गोष्ट आक्कांना कधी सांगता येणार नाही, ती इथं लिहिते. दवाखान्यात शेवटच्या रात्री ह्यांच्या कॉटशेजारच्या स्टुलावर आक्का बसल्या होत्या. उजाडल्यावर मी त्यांना उठवलं. म्हटलं, तुम्ही पाठ टेका, मी बसते. मी बसले, हात हातात घेतला, आणि ह्यांचा श्वास थांबला. आक्का बसल्या होत्या तोवर चालू होता.

सोमवार, १० ऑक्टोबर

आज एक बरं झालं. दुपारी पडल्यामुळं काम मागं राहिलं. मीनाबाई साडेपाचला गेल्या. भाऊसोंना मोठ्या साहेबांकडं थांबायचं होतं, म्हणून मीही बसच्या वेळेपर्यंत बसले. खोलीत मी एकटी. पुष्कळ नावं हलवली, एकदाही थांबला नाही. गेल्या आठवड्यातही एकदा असंच झालं होतं, आता आठवलं.

म्हणजे चारचौघांत मला लाजवतो आणि एकटी असले की गप्प राहतो. असं वागणारी माणसं मला माहीत आहेत. यंत्रही तसंच असावं.

बुधवार, १२ ऑक्टोबर

पुण्याच्या कंपनीचा माणूस आला. अमीन नाव, वय तिशीच्या आतलं. मूळचा कागलचा. आल्या आल्या म्हणाला, "घरच्यांना वाटतंय मी त्यांना भेटायलाच आलोय. तेवढं त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका." सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत कोणी हसलं.

त्यानं खोकं उघडलं. आतली हिरवी पाटी काढून दाखवली. तिला कंट्रोलर म्हणतात, दोन्ही डिस्का तिच्या हुकमात चालतात. त्यानं केबली बदलल्या, विजेचा दाब मोजला, मग मागच्या अंगणात जाऊन अर्थिंगचा खड्डा बघितला. खड्डा कोरडा होता. भाऊसोंनी शिपायाकडनं त्यात मिठासकट दोन घागरी पाणी ओतून घेतलं आणि म्हणाले, "झालं. तहान लागलती त्याला."

मग मला बाजूला घेऊन हळू म्हणाले, "पुण्याचे साहेब तपासतायत तवर उद्या-परवा तुम्ही नका येऊ. रजा लावू नका, मी बघतो." आवाजात राग नव्हता. मला तेच जास्त लागलं.

शनिवार, १५ ऑक्टोबर

मी नव्हते ते दोन दिवस कॉम्प्युटर एकदाही पडला नाही. "सोन्यासारखा चालला," भाऊसो म्हणाले. अमीन काल संध्याकाळी पुण्याला गेला. दोष अर्थिंगचा होता, असं लिहून गेला.

आज मी बसले. अकराच्या सुमाराला पडला.

मीनाबाई खुर्ची मागं सरकवून उठल्या आणि बाहेर गेल्या. काही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवार, १९ ऑक्टोबर

खंडेनवमी. कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीपासून काट्यापर्यंत सगळ्याची पूजा होते. कचेरीत ह्या वर्षी पहिल्यांदा कॉम्प्युटरची. हळदकुंकू आत जाईल म्हणून भाऊसोंनी ते काचेलाच लावलं. नारळ दाराबाहेर फोडला. त्या वेळी मी मागं पाणी भरत होते. मला कोणी जा म्हटलं नव्हतं.

दिवसभर कोणी कळेला हात लावला नाही आणि कॉम्प्युटर दिवसभर चालू राहिला. संध्याकाळी भाऊसो म्हणाले, "पूजा पावली बघा."

उद्या आमचाही सण, दीक्षेचा. आक्कांनी पांढरी साडी धुऊन ठेवली आहे.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

दोनदा पडला. दुसऱ्या वेळी मोठे साहेब स्वतः खोलीत उभे होते. हंगाम तोंडावर आलाय. ऊस कोणाचा आधी तोडायचा ती पाळी ह्याच्यातनं निघणार. तोडणीच्या टोळ्या येऊन बसल्यात. साहेबांनी भाऊसोंना विचारलं, "काय कारण?" भाऊसोंनी माझ्याकडं बघितलं. तेवढंच केलं.

संध्याकाळी मला सांगितलं. एक तारखेपासून कारखान्यावर, गोदामात. फाटकी पोती शिवायची. डिसेंबरात पुढं ठेवतील का ते भाऊसोंना माहीत नाही. "तिथल्या बायका कायम करत न्हाईत कधी," असं तेच म्हणाले आणि मग पेन शोधायला लागले.

कारखाना उचगावातनं लांब. पहाटे निघायचं, अंधारात परतायचं. आक्कांना आता डाव्या डोळ्यानं दिसत नाही. पण खरी भीती वेगळीच आहे. ह्यांनी मला शिकवून इथपर्यंत आणलं, आणि मी बसले की सगळं थांबतं हे आता कागदावर लिहून होणार. मग ते खरंच होऊन बसेल. पोती शिवताना सुई मोडली तरी लोक वर बघतील.

आक्कांना अजून सांगितलं नाही.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

अमीन पुन्हा आला. ह्या वेळी हसत नव्हता. मोठ्या साहेबांनी कंपनीला कडक तार केली म्हणे. दुसरा कंट्रोलर घेऊन आलाय. तो बसवला. तासाभरात पुन्हा पडला. त्यानं कोपऱ्यातला कागद फाडून वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि भाऊसोंना विचारलं, "पडतो तेव्हा नक्की काय चाललेलं असतं?"

"बाई बसलेल्या असतात."

"ते नव्हं. काम काय चाललेलं असतं?"

"सांगितलं की. बाई बसलेल्या असतात."

अमीननं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हाही बघणार तसं. पण तो म्हणाला, "मग बाईंनाच बसवा. पडायला लागतोय तर पडू द्या, त्याशिवाय मला कळणार कसं?"

मला बसवून तो शेजारी उभा राहिला. मी नाव घातलं, जुन्या डिस्कवरचं काढलं, नवीवर टाकलं. पलीकडं मीनाबाईंच्या कळा चालू होत्या. माझं एक नाव तीनदा चुकलं. चौथ्या-पाचव्या नावाला पडला. अमीन म्हणाला, "छान." त्या शब्दाचा मला राग आला.

तपासणी संपेपर्यंत जेवणाची वेळ झाली. अमीन म्हणाला, हेच काम दुसऱ्या कोणाला तरी करू द्या. मीनाबाई म्हणाल्या, "मला सांगू नका. सणासुदीचं." भाऊसो म्हणाले, "माझी आई आजारी हाय." शिपाई तर ऐकायलाच थांबला नाही. शेवटी अमीनच बसला. "आमच्यात असलं काय न्हाय," म्हणाला. मीनाबाई बाहेर डबा खात होत्या. मी काचेपलीकडं उभी राहून बघत होते. त्यानं एकामागनं एक नावं हलवली. न थांबता, चांगला गठ्ठाभर.

पडला नाही.

भाऊसो हळूच म्हणाले, "बघा. साहेबांच्या हातानं न्हाय पडत." अमीन कपाळ चोळत बसला.

मग दुपारी मला कोणी बसू दिलं नाही.

आज आक्कांना गोदामाचं सांगितलं. त्या भांडायला उठल्या नाहीत. म्हणाल्या, "मीबी येते पोती शिवायला. दोघी शिवू." मला रडायला आलं नाही. आता भीतीच इतकी आहे की रडण्याला जागा नाही. यंत्राला डोळे नाहीत असं आक्का म्हणाल्या होत्या. पण हात बदलले आणि ते थांबलं नाही. मग त्याला कशानं कळलं?

बुधवार, २६ ऑक्टोबर

आज घडलेलं नीट क्रमानं लिहिते.

सकाळी अमीन म्हणाला, गठ्ठा अर्धा राहिलाय तेवढा मीच संपवतो, गोदामात जाण्याआधी बाईंना काही विचारायचं झालं तर त्यांना इथं असू देत. म्हणून मी दाराशी स्टुलावर बसले. मीनाबाई उशिरा आल्या. त्यांच्या घरी दिवाळीचं पोहे कांडणं चाललंय. आल्या, चपला काढल्या, "मसणवाटंत आज कोण, साहेब काय?" असं म्हणत टर्मिनल चालू केलं आणि उसाच्या नोंदी घालायला लागल्या.

थोडा वेळ दोघांच्या कळा वाजत होत्या. मग कोपऱ्यात खर्रर झालं.

खोलीत कोणी हललं नाही. अमीनचे हात कळांवर तसेच. भाऊसो आत आले, अमीनकडं बघितलं, मग दाराशी माझ्याकडं बघितलं. मी उंबऱ्याबाहेर होते.

मीनाबाई म्हणाल्या, "मी काय न्हाय केलं हं. मी आत्ता आले."

अमीन सावकाश त्यांच्याकडं वळला. "काल मी बसलो तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"डबा खात न्हवते का?"

"बाई," त्यानं मला विचारलं, "तुम्ही एकट्या कधी बसलाय? मीनाबाई नसताना?"

"संध्याकाळी. दोन-तीनदा."

"पडला?"

"न्हाय. मला वाटलं," मी म्हटलं आणि थांबले. मला काय वाटलं होतं ते सांगायची लाज वाटली.

त्यानं टेबलावर चापट मारली आणि पुण्याला फोन लावायला पळाला. परत आल्यावर चहा घेत मला समजावून सांगितलं. भाऊसो पाठमोरे उभे राहून ऐकत होते.

"कंट्रोलर म्हणजे खिडकीवरचा कारकून समजा. त्याच्या मागं दोन कपाटं, म्हणजे ह्या दोन डिस्का. त्याच्याकडं चिठ्ठ्या नेणारा एक शिपाई हाय. त्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो. तो काय दिसत न्हाय, नुसत्या लिहिलेल्या सूचना हायत, आमच्याच कंपनीनं लिहिलेल्या. एकच कपाट होतं तवर सोपं होतं. एक चिठ्ठी द्यायची, एक उत्तर आणायचं. आता मीनाबाईंची चिठ्ठी पहिल्या कपाटाची, तुमची दुसऱ्याची. दोन्ही एका दमात गेल्या आणि तुमचं उत्तर आधी आलं, की तो तुमचं उत्तर मीनाबाईंचं समजतो. मग खरं मीनाबाईंचं येतं. हे आता कुणाचं, ते त्याला कळत न्हाय. घाबरतो."

"आणि मग?"

"मग सगळंच बंद करतो. चुकीच्या जागी लिहिण्यापेक्षा थांबलेलं बरं, एवढं शहाणपण त्याला दिलंय."

मी विचारलं, "म्हणजे माझ्यामुळं न्हाय?"

"तुमच्यामुळं बी हाय आणि मीनाबाईंमुळं बी हाय. एकटीमुळं कुणाच्याच न्हाय. मयताचं काम आलटून पालटून केलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. तुम्ही सगळ्यांनी ते एकाच माणसाला देऊन टाकलं, मग काय कळणार?"

भाऊसो पाठमोरेच म्हणाले, "दोन बायका एका चुलीवर म्हटल्यावर पेटणारच की." मग म्हणाले, "गोदामाचं तूर्त राहू द्या, बाई."

आक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी येत न्हाय पोती शिवायला." आणि डोळ्याला पदर लावला.

मला आज मोकळं वाटायला हवं होतं. थोडं वाटतंयही. पण कारण कळलं ते खोक्याचं कळलं.

मंगळवार, १ नोव्हेंबर

अमीन सूचना दुरुस्त करून आणायला पुण्याला गेलाय. तोवर दोघींनी एकदम बसायचं नाही असा त्याचा हुकूम आहे. सकाळी मीनाबाई, दुपारी मी. एक दिवसही पडला नाही.

मीनाबाई आता जरा घाबरून असतात. आज मला म्हणाल्या, "अंजनाबाई, आता मला कोण काय म्हणतंय का हो?" मी म्हटलं, "कोण म्हणणार? तुमचं कुंकू शाबूत हाय." बोलून गेले आणि वाईट वाटलं. मग त्यांनी डबा उघडून माझ्या हातात दिला.

गठ्ठा संपत आलाय. मी मुद्दाम हळूहळू काम करते, आणि तरी संपत आलाय.

शुक्रवार, ४ नोव्हेंबर

आज सगळी नावं हलवून झाली. एक सोडून. भाऊसोंनी विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "होत आलं." त्यांनी टेबलावरचा कागद बघितला. वरचं नाव वाचलं. "सावकाश होऊ द्या," म्हणाले आणि निघून गेले.

सोमवार, ७ नोव्हेंबर

अमीन फ्लॉपी घेऊन आला. दुपारपर्यंत त्याचं चालू होतं. नवा ड्रायव्हर आत गेला, खोकं पुन्हा चालू केलं, तपासणी झाली. मोठे साहेब येऊन बसले.

अमीन म्हणाला, "आता दोघी एकदम बसा. पहिल्यासारख्या. ह्यातनं गेला तर गेला. न्हाय तर मी काय कागलला जात न्हाय ह्या दिवाळीला."

मीनाबाई बसल्या. मी बसले.

"मयत कोण उरलंय?" अमीननं विचारलं.

"एक हाय."

त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "एक बी चालतंय. आधी वारस सावकाश भरा, मग तोच नवीवर टाकायचा. तवर मीनाबाई नोंदी घालत राहतील, म्हणजे दोन्ही डिस्का एकदम चालतील."

मीनाबाईंनी वाकून कागदावरचं नाव वाचलं. मला वाटलं, आता उठून जातील. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, "टाका, अंजनाबाई. मी हाय हितं." आणि स्वतःच्या कळा बडवायला लागल्या, एवढ्या मोठ्यानं की जसं काही त्यांनाच सगळी नावं संपवायची होती.

नाव आधी घालावं लागतं. ते घातल्याशिवाय पडदा पुढं जात नाही. वीस वर्षांत मी ते उखाण्यातच घेतलं, तेही लोकांनी अडवून धरलं म्हणून. इंग्रजी अक्षरांत एकेक कळ शोधून घातलं. पडद्यावर आलं. गाव उचगाव. मग वारस विचारला. माझंच नाव घातलं. नातं, पत्नी. मग विचारलं, हलवायचं का, हो किंवा नाही.

खरं लिहायचं तर मला तो थांबायला हवा होता. इतके दिवस मी ज्याला भीत होते तेच मागत होते. थांबला असता तर तपासणी लागली असती, अमीन पुन्हा पुण्याला गेला असता, कागद पुन्हा टेबलावर राहिला असता. मी कोपऱ्याकडं कान देऊन बसले होते. मीनाबाईंच्या कळा वाजत होत्या. मी हो दाबलं.

कोपऱ्यातलं यंत्र गप्प राहिलं. जुन्या यादीतलं नाव गेलं आणि नव्या यादीत, सगळ्यांच्या खाली, आलं. खोक्याची घरघर तशीच.

"अजून एक हाय का?" अमीननं विचारलं.

मी मान हलवली, न्हाय. मोठे साहेब उठून गेले. भाऊसो म्हणाले, "बाई, उद्यापास्नं उसाच्या नोंदी निम्म्या तुम्ही घ्या." मीनाबाई म्हणाल्या, "हात काढा की आता कळेवरनं." तेव्हा मला कळलं, माझं बोट अजून तिथंच होतं.

ज्ञानू भिवा शिंगे. मयत.

इथंही आजच पहिल्यांदा लिहिलं. आक्का झोपल्यात. मी परत परत तेच आठवत बसले आहे. मी शेजारी बसले होते, हात लावून, आणि तो चालूच राहिला.